भाकडकथा म्हणण्यापूर्वी

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील आपल्या सुशिक्षित ख्रिस्ती कुटुंबांत एक समज घट्ट मूळ धरून बसला आहे. गोंड, कोलाम, परधान या आदिवासींच्या परंपरागत गोष्टी म्हणजे निव्वळ भाकडकथा. त्या मुलांच्या कानी पडल्या तर श्रद्धा डळमळेल आणि अभ्यासाचाही वेळ वाया जाईल, असे मानले जाते. हा समज अज्ञानातून आलेला आहे, तो अन्यायकारक आहे आणि ख्रिस्तसभेच्या शिकवणीशी विसंगतही आहे, हे स्पष्टपणे सांगण्याची वेळ आता आली आहे.

प्रथम या गोष्टी म्हणजे काय, ते पाहू. किनवट आणि माहूर तालुक्यांच्या डोंगराळ पट्ट्यात गोंडांची वस्ती आहे. त्यांच्या मूळ कथेचा नायक पहांदी कुपार लिंगो. गुहेत कोंडल्या गेलेल्या गोंडांची त्याने सुटका केली, त्यांना शेती शिकवली, देव दिले आणि कुळे वाटून दिली. चार, पाच, सहा आणि सात देवांचे असे जे गोंडांचे गट, म्हणजे 'सगा', ते या कथेतूनच उगम पावतात. आपला सगा कोणता, आपले भाऊबंद कोण आणि सोयरीक कोठे करावयाची, हे गोंड मुलाला ही कथा सांगते. आपल्या घरी बाप्तिस्म्याची नोंदवही, वंशावळ आणि विवाहाचे नियम ही जी तीन कामे करतात, ती तेथे एकटी कथा करते. ती गाण्याचा मान परधानांचा. परधानांची घराणी गोंडांच्या विशिष्ट कुळांशी पिढ्यान्‌पिढ्या बांधलेली असतात आणि किंगरीच्या साथीने ते त्या कुळाची कथा गातात. अशा कथेला भाकड म्हणणाऱ्याने ती कधी ऐकलेलीच नसते.

आता श्रद्धेच्या भीतीविषयी. आपल्या मुलांच्या इंग्रजी पुस्तकांत भोपळ्याची गाडी करणारी परी असते, बोलणारे लांडगे असतात, ग्रीकांचा झ्यूस असतो. त्यामुळे एखाद्या बालकाची श्रद्धा ढळल्याची तक्रार घेऊन कोणी पालक धर्मगुरूंकडे गेल्याचे ऐकिवात नाही. मग लिंगोचीच तेवढी भीती का? परीकथा साहेबाच्या पुस्तकातून येते म्हणून ती 'वाङ्मय' आणि लिंगोची कथा किनवटच्या पाड्यावरून येते म्हणून ती 'अंधश्रद्धा', हा भेद श्रद्धेतून आलेला नाही. तो प्रतिष्ठेतून आलेला आहे. आपल्यापैकी अनेकांचे आजे-पणजे गावकुसाबाहेर राहिले. त्यांची बोली आणि त्यांची गाणी गावाने गावंढळ ठरविली होती. निदान आपण तरी हाच तराजू दुसऱ्यांसाठी हाती घेऊ नये.

ख्रिस्तसभेची भूमिका याबाबत संदिग्ध नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली मिशनकार्याविषयी जो आदेश दिला, त्यात इतर लोकांच्या परंपरांमध्ये दडलेली दिव्य शब्दाची बीजे आनंदाने आणि आदराने शोधावीत असे सांगितले आहे. आदराने ऐकल्यावाचून ती कशी सापडणार? त्याही कितीतरी आधी, १६१६ साली, फादर थॉमस स्टीफन्स यांनी 'क्रिस्तपुराण' प्रसिद्ध केले. प्रभूची कथा या भूमीच्या कानाला रुचावी म्हणून त्या इंग्रज जेज्वीटाने मराठी ओवी स्वीकारली आणि सुमारे अकरा हजार ओव्या रचल्या. आपली श्रद्धा या प्रदेशात आली तीच मुळी येथल्या कथनपरंपरेचा हात धरून.

परंतु दुसऱ्या टोकाचा उत्साहही टाळला पाहिजे. स्टीफन हिस्लॉप या नागपूरच्या स्कॉटिश मिशनऱ्याने परधानांकडून लिंगोचे गीत उतरवून घेतले. ते त्याच्या मृत्यूनंतर, १८६६ साली, प्रसिद्ध झाले. त्या पाठात निरपराध लिंगोला त्याचे भाऊ ठार मारतात आणि तो पुन्हा जिवंत होतो. हे वाचून आपल्यातील काहींना ताबडतोब ख्रिस्ताची सावली दिसू लागेल. थोडे थांबावे. गोंडांची कथा आधी गोंडांची म्हणून ऐकावी. तिच्यावर आपले शिक्कामोर्तब करण्याची घाई हाही एक प्रकारचा अनादरच होय.

तिसरा आक्षेप व्यावहारिक आहे, आणि 'लातूर पॅटर्न'च्या प्रदेशात तोच सर्वांत जोरकस ठरतो: गोष्टीला गुण किती? उत्तर सरळ आहे. पाड्यावरची कोलामी बोलणारी मुलगी पहिलीत येते, तेव्हा शिक्षकाची भाषा तिला परकी असते. तिच्या ओळखीची एक गोष्ट वर्गात तिच्या भाषेत सांगितली गेली, तर तिला तेथे उभे राहावयास जागा मिळते. नाही तर ती मुकी होते आणि पुढे गळते. राज्यघटनेच्या ३५०-अ या अनुच्छेदाने प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय राज्यांकडून अपेक्षिली आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानेही शक्यतो मातृभाषेचाच आग्रह धरला आहे. हे स्वप्नरंजन आहे असे म्हणणाऱ्यांनी आपल्याच शेजारचा इतिहास पाहावा. कोमाराम भीम यांचा उठाव १९४० साली चिरडला गेल्यावर निजाम सरकारने ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानवशास्त्रज्ञाकडे गोंडांच्या प्रश्नांचा अभ्यास सोपविला. आदिलाबाद जिल्ह्यातील मारलवाई येथे १९४३ च्या सुमारास गोंड शिक्षक तयार करण्याचे केंद्र उभे राहिले आणि देवनागरी लिपीत गोंडी क्रमिक पुस्तके निघाली. त्या काळी किनवट तालुका आदिलाबाद जिल्ह्यातच होता; १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर तो नांदेडकडे आला. निजामाच्या राज्यात जे साधले, ते आज आपल्याला अशक्य का वाटावे? २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे सुमारे ३० लाख होते, तरीही ती भाषा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात नाही.

काही शाळा आदिवासींच्या गोष्टींना स्थान देतात, पण कसे? स्नेहसंमेलनात कागदी पिसांचे मुकुट घालून एक 'आदिवासी नृत्य' बसवले जाते. गोष्ट छापली तर तिच्यातली कुळे, देव आणि नद्या गाळून शेवटी 'तात्पर्य' चिकटवले जाते, आणि ती कोणी सांगितली ते कोठेच नसते. दिवाळीत दंडारीच्या वेळी गुसाडी जो मोरपिसांचा मुकुट धारण करतात, तो व्रताचा भाग आहे. आपल्या वेदीवरील वस्त्रे कोणी वेशभूषा स्पर्धेसाठी पळविली तर आपल्याला काय वाटेल? मारलवाईचे गुसाडी कलावंत कनक राजू यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. २०२४ साली ते निवर्तले. ही विद्या गुरूच्या नावासह चालते, हे मुलांना कळू द्या.

येथे ख्रिस्तसभेच्या एका वेदनादायक अनुभवाचे स्मरण आवश्यक आहे. कॅनडात मूळ रहिवाशांची मुले निवासी शाळांत ठेवून त्यांची भाषा आणि परंपरा त्यांच्यापासून तोडण्यात आल्या. त्यांतील अनेक शाळा कॅथलिक संस्थांनी चालविल्या होत्या. पोप फ्रान्सिस यांनी जुलै २०२२ मध्ये तेथे जाऊन क्षमा मागितली. आपल्या वसतिगृहांची त्या शाळांशी बरोबरी करणे अन्यायाचे होईल. येथील धर्मगुरू व धर्मभगिनींनी अनेक मुलांना अक्षराची वाट दाखविली आहे. परंतु "येथे मराठीतच बोला" हा नियम प्रेमाने सांगितला, तरी त्याचा परिणाम मुलाच्या ओठांवर तोच होतो.

म्हणून आपल्या शाळांचे व्यवस्थापन, वसतिगृहांचे प्रमुख आणि धर्मग्रामांच्या समित्या यांच्याकडे काही स्पष्ट मागण्या कराव्याशा वाटतात. आठवड्याचा एक तास गोष्टीसाठी राखून ठेवावा. गोष्ट सांगावयास त्या त्या समाजातील जाणत्या स्त्री-पुरुषांना बोलवावे आणि इतर पाहुण्या वक्त्यांना देतो तसे मानधन त्यांना द्यावे. कोणती गोष्ट मुलांसमोर सांगावयाची आणि कोणती केवळ पूजेच्या प्रसंगीच गावयाची, हे त्यांनीच ठरवावे. गोष्ट आधी तिच्या स्वतःच्या भाषेत व्हावी, मग मराठीत. ती छापावयाची झाल्यास सांगणाऱ्याच्या अनुमतीने आणि त्याच्या नावासह छापावी. आणि दंडारीचे आमंत्रण आलेच, तर मुलांना तेथे पाहुणे म्हणून न्यावे. कॅमेरे घरी ठेवावेत.

निर्गमाच्या पुस्तकात वल्हांडणाची आज्ञा देताना मोशे सांगतो की या विधीचा अर्थ मुले विचारतील, तेव्हा त्यांना घडलेली हकीकत सांगा. इस्राएलची श्रद्धा अशी घरोघरी, वडिलांच्या तोंडून टिकली. जो अधिकार आपण आपल्या मुलांसाठी पवित्र मानतो, तो किनवटच्या आईबापांना नाकारण्याचा हक्क आपल्याला कोणी दिला, याचा विचार प्रत्येक धर्मग्रामाने नवे शैक्षणिक वर्ष सुरू होण्यापूर्वी करावा.