कांदा दोषी की निर्दोष?

मंडळी, क्रोन्स म्हटलं की समोरचा माणूस आधी "म्हणजे अ‍ॅसिडिटी का?" असं विचारतो आणि लगेच काय काय खायचं नाही ते सांगायला लागतो. गेल्या काही वर्षांत मला गहू, दूध, तांदूळ(!), वांगं, टोमॅटो, चहा आणि रात्रीचं दही सोडायला सांगून झालंय. सगळ्यांचं ऐकलं असतं तर आज कोमट पाण्यावर जगत असतो :)

तर या विकांताला पथ्याच्या याद्यांबद्दल. माझं स्पष्ट मत असं की यादी वाढवायला अक्कल लागत नाही, ती कमी करायला लागते.

१९३२ साली न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय हॉस्पिटलातल्या क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपनहायमर या तिघांनी या आजारावर पेपर लिहिला. नाव एकट्या क्रोनचं राहिलं (आद्याक्षरात पुढे असण्याचा फायदा!). यात शरीराची संरक्षण यंत्रणा आतड्यावरच उठते, तिथे सूज येते, जखमा होतात.

आणि इथेच सगळी गल्लत होते. सूज वेगळी, त्रास वेगळा. कांद्यातली फ्रक्टन नावाची साखर कोणाच्याच लहान आतड्यात पचत नाही. पुढे मोठ्या आतड्यातले जंतू ती आंबवतात आणि गॅस होतो. आतडं आधीच हळवं असेल तर तेवढ्यानेही कळ येते. पण कळ आली म्हणजे सूज वाढली असं नाही. उलट पोट एकदम शांत असतानाही आत सूज धुमसत असू शकते. ती बघायला शौचातलं कॅलप्रोटेक्टिन तपासतात, गरज पडली तर कोलोनोस्कोपी करतात. त्यामुळे "सध्या काही होत नाही, गोळ्या बंद करतो" म्हणणाऱ्यांची मला खरंच भीती वाटते.

आमच्या धंद्यात काही बिघडलं की आधी शेवटच्या कमिटवर बोट जातं. पोटाचंही तेच. दुपारी दुखलं की दुपारचं जेवण आरोपी, मग भले गुन्हा आदल्या रात्रीच्या राजम्याचा असो. म्हणून मी वही ठेवतो. काय खाल्लं, किती, किती वाजता, झोप कशी झाली, पुढे काय झालं. एका वेळी एकच पदार्थ बंद, दोन-तीन आठवडे. फरक नाही पडला तर तो पदार्थ परत ताटात! ही परत आणायची पायरी लोक गाळतात. माझ्या वहीप्रमाणे दूध चालत नाही, ताक चालतं. कच्चा कांदा नको, फोडणीतला थोडासा चालतो. मटकीची उसळ नको, मुगाचं वरण उत्तम. (हे माझं झालं, तुमचं आतडं वेगळं.)

ऑफिसातल्या एका मित्राने रक्त देऊन शेकडो पदार्थांची यादी मिळवायचं पॅकेज सुचवलं होतं. मी नाही केलं. त्यातल्या आयजीजी अँटीबॉडी म्हणजे तो पदार्थ तुम्ही खाल्लेला आहे एवढीच खूण. अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनाही ही तपासणी करू नका म्हणतात. पण लाल अक्षरांतली छापील यादी हातात पडली की माणूस घाबरतोच, आणि जेवण अर्ध्यावर येतं.

हे अर्ध्यावर येणंच महाग पडतं. हा आजार मुळात वजन खातो, लोह खातो, लहान आतड्याचा शेवटचा भाग बिघडला असेल तर बी-१२ शोषलं जात नाही. वर आपणच ताट रिकामं करायचं?

अपवाद आहेत, ते सांगायलाच हवेत. आतडं कुठे अरुंद झालं असेल तर पेरूच्या बिया, मक्याचे दाणे, अख्खे शेंगदाणे यांवर प्रयोग नकोत, तिथे डॉक्टरांचं मुकाट ऐकावं. आणि आहाराने सूज उतरतच नाही असंही नाही. लहान मुलांना सहा ते आठ आठवडे फक्त पोषक द्रव देऊन ती उतरवतात. पण तो ठरवून, देखरेखीखाली केलेला उपचार आहे, शेजाऱ्यांचा सल्ला नव्हे.

बाकी लग्नकार्यात "घे रे, एवढीशी पुरणपोळी घेतली तर काय होतंय" म्हणणाऱ्या मावश्यांवर औषध नाही. मी घरून मेतकूट-भात खाऊन जातो आणि पंगतीत वाढायला उभा राहतो. वाढणाऱ्याला आग्रह कोणी करत नाही :)