ऑनलाइन पदवी घ्या, पण मान्यता तपासून!

१९२० साली बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला, कारण आपली बाजू मांडायला हक्काचे पत्र नव्हते. आज कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रे बातम्या लिहू लागली आहेत. ती शिकतात आधी लिहिलेल्या मजकुरावर. त्या मजकुरात आपण किती आहोत? म्हणूनच आपल्या मुलामुलींनी जनसंवाद, डिजिटल माध्यमे व या तंत्रज्ञानाचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेच पाहिजे.

नोकरी सांभाळून, गावात राहून शिकणाऱ्यांना ऑनलाइन वर्ग सोयीचा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले की, मान्यताप्राप्त ऑनलाइन पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे. पण खरी मेख 'मान्यताप्राप्त' या शब्दात आहे! परदेशी विद्यापीठांच्या नावाने खासगी कंपन्या विकत असलेल्या बिनमान्यतेच्या पदव्यांबद्दल आयोगानेच डिसेंबर २०२३ मध्ये इशारा दिला होता. कर्ज काढून असा कागद घेतला, तर सरकारी नोकरीच्या दारात त्याची किंमत काय?

वकील म्हणून आम्ही सांगतो, जाहिरात म्हणजे कायदा नव्हे. विद्यापीठ मान्य असले तरी तोच अभ्यासक्रम, त्याच वर्षासाठी, ऑनलाइन शिकवण्यास मान्य आहे का, हे आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत पाहा. मगच फी भरा आणि पावती जपून ठेवा. शिकायचे तर आहेच, पण फसायचे नाही!