चुगलखोर दिवा

पाडव्याच्या आदल्या दिवशी आम्ही शिर्डीला निघालो. कोल्हारला प्रवरेचा पूल ओलांडला आणि मोटारीतला पिवळा इंजिन-दिवा पेटला. “अहो, इथंच दिवाळी!” सौ. म्हणाली.

गॅरेजवाल्या पोराने स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटात स्कॅनर लावला. कोड आला : पी ०१७१. म्हणजे इंजिनात पेट्रोलच्या मानाने हवा जास्त.

“मग ऑक्सिजन सेन्सर बदल!” मी शहाणपणा केला.

“साहेब, त्यानं तर चुगली केली. त्यालाच कशाला काढायचं?”

हवेची रबरी नळी चिरली होती. ती बदलली, कोड पुसला. पाडव्याची साडी वाचली!

“दिवा लुकलुकला, तर मात्र थांबा,” निघताना पोरगा म्हणाला. “सिलिंडरमधलं पेट्रोल नीट जळत नाही, ते पुढं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळतं.”

शिर्डीपर्यंत सौ. दिव्याकडेच पाहत होती.