कधी खायचंय?

आमच्या भागात नव्याने उघडलेल्या मोठ्या दुकानात फळांच्या विभागावर पाटी लावली आहे: ‘कृपया फळांना हात लावू नये’. तसाही हात लावायला वाव ठेवलेलाच नाही. थर्माकोलच्या ट्रेमध्ये चार सीताफळं, त्यावर ताणून बसवलेला पारदर्शक प्लास्टिकचा कागद आणि कागदावर लेबल. लेबलावर वजन, किंमत, बारकोड आणि ‘प्रीमियम’ हा शब्द. फळ कुठल्या गावचं आणि झाडावरून कधी उतरवलं, याबद्दल एक अक्षर नाही. नाकाशी धरलं तर प्लास्टिकचा वास येतो.

हा ट्रे नवरात्रात आमच्या घरी आला. तेव्हा सासूबाईंचे उपास असतात. नऊ दिवस दूध आणि फळं, त्यातही सीताफळ त्यांच्या विशेष आवडीचं. ही फळं दिसायला देखणी होती. मोठी, हिरवीगार, एकसारख्या मापाची. दोन दिवस ठेवली तरी दगडासारखी टणक. आणखी वाट पाहिली, तर मऊ पडण्याऐवजी वरून काळी पडत गेली आणि देठाजवळ सुरकुतली. शेवटी एक सुरीने कापलं. आतला गर पांढराफट्ट, बीला घट्ट चिकटलेला, गोडीचा मागमूस नाही. सासूबाईंनी एक चमचा तोंडात घातला, वाटी बाजूला सरकवली आणि त्या दिवशी नुसत्या दुधावर राहिल्या. तक्रारीचा एक शब्द काढला नाही त्यांनी. त्यांच्या त्या गप्प राहण्याने मला जास्त राग आला.

उरलेली फळं मी दुकानात परत नेली. काउंटरवरचा मुलगा नम्र होता. “मॅडम, माल वरून असाच पॅक होऊन येतो. फळं परत घ्यायची पॉलिसी नाही,” म्हणाला. मी त्याला फळाचे डोळे दाखवले, तर त्याने ते पहिल्यांदाच निरखून पाहिले. त्याच्यावर माझा राग नाही. त्याला बारकोड वाचायला शिकवलं आहे, फळ वाचायला कुणी शिकवलेलं नाही. जे दुकान दिवसभर फळं विकतं, त्या दुकानात फळ ओळखणारा एकही माणूस नसावा, हे मात्र मला मान्य नाही.

आता थोडी माहिती, कारण तिच्यावाचून पुढचं बोलणं अधुरं राहील. फळं दोन जातीची असतात. आंबा, केळं, पपई, चिकू, सीताफळ ही तोडल्यावरही पिकतात. फळ स्वतःच इथिलीन नावाचा वायू सोडतं आणि त्या वायूने ते मऊ होतं, गोड होतं, घमघमतं. द्राक्षं, संत्रं, मोसंबी, डाळिंब, अननस, स्ट्रॉबेरी यांची गोडी मात्र झाडावर असेल तेवढीच. आंबट द्राक्षं आठवडाभर टोपलीत ठेवली तरी आंबटच राहणार. पहिल्या जातीच्या फळांनाही एक अट आहे. फळ झाडावर पुरतं पोसलेलं हवं. कोवळं उतरवलेलं फळ तांदळात पुरा, पेंढ्यात घाला, नाहीतर वायूच्या खोलीत ठेवा, ते मऊ होईल किंवा सडेल, पण त्याला चव येणार नाही. नसलेली गोडी बाहेरून भरता येत नाही.

सीताफळ तर आपलं वय स्वतःच सांगतं. कोवळं असताना त्याचे डोळे एकमेकांना चिकटलेले असतात. पोसत गेलं की डोळे फुगतात, मधल्या खाचा रुंदावतात आणि खाचांत पिवळसर पांढरा रंग दिसू लागतो. असं फळ उतरवलं की दोन-चार दिवसांत घरात आपोआप पिकतं. डोळे मिटलेलं फळ उतरवलं तर त्याचा दगड होतो. शिवाय हे फळ उष्ण, कोरड्या मुलखातलं, त्याला गारठा सोसत नाही. पिकण्याआधी थंड खोलीत किंवा फ्रीजमध्ये ठेवलं की साल काळवंडते आणि पिकण्याची क्रियाच बिघडते. माझ्या ट्रेवर दोन्ही अन्याय झाले होते. आधी कोवळी तोड, मग दुकानातली थंडी.

हे का होतं, तेही समजण्यासारखं आहे. नवरात्रात फळांना मागणी चढते आणि भावही चढतो. अशा वेळी बागेत आठ दिवस आणखी थांबणं शेतकऱ्याला परवडत नाही. पावसाचा भरवसा नसतो, व्यापारी दाराशी उभा असतो आणि टणक फळ ट्रकमध्ये चेपत नाही. दुकानालाही टणक फळच हवं असतं, कारण ते शेल्फवर टिकतं. या साखळीत प्रत्येकाची सोय पाहिली जाते. ज्याच्या तोंडात ते फळ जाणार, त्याचा विचार कुणाच्याच हिशेबात नाही.

सकाळचं फिरणं संपवून मी मंडईवरून घरी येते. तिथे दगडी इमारतीबाहेर एक मावशी पाटी घेऊन बसतात. पुरंदरच्या बाजूने येतात. सीताफळाच्या दिवसांत सीताफळं, त्याआधी अंजीर, एरवी पेरू आणि चिकू. त्यांच्यासमोर बसलं की भाव सांगण्याआधी त्या एकच गोष्ट विचारतात, “कधी खायचंय?” ‘आज’ म्हटलं तर पाटीच्या एका कडेची फळं उचलतात, ‘परवा’ म्हटलं तर दुसऱ्या कडेची. चार दिवस रोज एक फळ खाणार असं सांगितलं, तर चार दिवसांची चार फळं निवडून देतात आणि वर बजावतात, “ह्ये आज. ह्ये उद्या सांच्याला. ही दोन तांदळात ठिवा, पर फ्रीजमधी घालू नका.” त्यांनी उद्याचं म्हणून दिलेलं फळ उद्याच पिकतं. हा अनुभव मला नेहमी येतो आणि दर वेळी त्यांच्याविषयीचा आदर वाढतो.

मावशीही फळ दाबू देत नाहीत, हे मुद्दाम सांगायला हवं. कुणी गिऱ्हाइकाने अंगठ्याने चाचपलं की त्या चिडतात. “आंगठा नगं, तळहातावर घ्या,” म्हणतात. त्यांचं बरोबर आहे. अंगठ्याने दाबलेल्या जागी फळ आतून चेपतं आणि दुसऱ्या दिवशी तिथे काळा डाग येतो. तो डाग नंतर येणाऱ्या गिऱ्हाइकाच्या वाट्याला जातो. पण त्या हात लावू देत नाहीत तेव्हा त्या बदल्यात स्वतःचं ज्ञान देतात. फळ तळहातावर तोलून, डोळे दाखवून, देठ हुंगायला देऊन मगच पिशवीत घालतात. दुकानाने माझा हात काढून घेतला आणि बदल्यात एक लेबल दिलं. भांडण आहे ते या अदलाबदलीशी.

त्यांच्यासमोर बसून जे शिकले ते वाचकांना द्यावंसं वाटतं. चिकूवर तपकिरी भुकटी असते. पोसलेल्या चिकूची ती हाताने सहज निघते. नखाने साल किंचित खरवडली आणि खाली हिरवं दिसलं तर फळ कोवळं, पिवळट दिसलं तर घ्यावं. पपईचा चीक घट्ट दुधासारखा असेल तर ती कच्ची, पाण्यासारखा पातळ असेल तर पोसलेली, आणि टोकाकडे पिवळी रेघ दिसू लागली की दोन-तीन दिवसांत खावी. डाळिंब पुरतं गोल असेल तर थांबावं. तयार झालेलं डाळिंब कडांना जरा चपटं, कोनेदार होतं. कलिंगडाची जमिनीला टेकलेली बाजू पांढरी असेल तर ते घाईने तोडलेलं, पिवळट असेल तर तयार. मोसंबी आणि संत्रं हातात त्याच्या आकाराच्या मानाने जड लागलं पाहिजे. पेरूला गर्द हिरवा रंग जाऊन फिकट पिवळसर झाक आलेली असावी आणि वास फूटभरावरून यावा.

यातल्या बहुतेक खुणा नुसता रंग पाहून कळत नाहीत, आणि आपला बाजार मात्र रंगावर चालतो. गिऱ्हाईक पिवळंधमक केळं आणि केशरी आंबा मागतं, म्हणून बाजारात रंग विकायला येतो. कॅल्शियम कार्बाइडचा उपद्रव इथूनच सुरू होतो. ओलाव्याने त्यातून ॲसिटिलीन सुटतो, साल पिवळी होते, गर कच्चाच राहतो, आणि कार्बाइडमध्ये आर्सेनिकचे अंश असू शकतात. २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांनुसार कार्बाइडने पिकवलेली फळं विकायला मनाई आहे. त्याऐवजी इथिलीन वायू १०० पीपीएमपर्यंत वापरायची परवानगी २०१६ मध्ये मिळाली. नीट बांधलेल्या रायपनिंग चेंबरबद्दल माझी तक्रार नाही. फळ जो वायू स्वतः सोडतं, तोच तिथे सोडतात. तक्रार आहे ती कोवळ्या फळाला त्या खोलीत पाठवण्याबद्दल. घरी तांदळाच्या डब्यात चिकूंबरोबर एक पिकलं केळं ठेवून हेच काम होतं, पण तेही पोसलेल्या चिकूंच्याच बाबतीत.

बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. घोलवडच्या चिकूला आणि पुरंदरच्या अंजिरालाही त्याच वर्षी. मला त्याचा अभिमान वाटतो. या फळांमागे त्या त्या मातीची आणि माणसांची कित्येक वर्षं आहेत. पण मानांकन गावाचं मिळतं, तोडणीच्या दिवसाचं नाही. बीडचं अस्सल फळसुद्धा डोळे मिटलेलं उतरवलं तर आमच्या ट्रेसारखंच निघेल, आणि पहिल्यांदा खाणारा माणूस बीडच्या सीताफळाला नावं ठेवील. ज्यांनी ते नाव कमावलं, त्यांचं यात फार मोठं नुकसान आहे.

फसलेलं फळ घरात आलंच तर टाकून देऊ नये. बेचव पेरूची दही-मिरची घालून कोशिंबीर करावी, किंवा गूळ, तीळ आणि दाण्याचं कूट घालून पंचामृत. न पिकणारी पपई किसून थालीपीठात जाते. अळणी अननसाचा शिरा होतो, साखर आणि तूप त्याला तारून नेतात. पाणचट कलिंगडाच्या सालीखालचा पांढरा भाग भाजीला उत्तम. कोवळ्या चिकूला मात्र उपाय नाही, तो तोंडात बसतो. कोवळं सीताफळही कशात खपत नाही. बासुंदी करावी म्हटलं तर गर बीवरून सुटतच नाही.

म्हणून मोठ्या दुकानांना माझी मनापासून विनंती आहे. लेबलावर किंमत छापताच आहात, त्याच यंत्रावर आणखी दोन ओळी छापा. पहिली, फळ कुठल्या तालुक्यातलं. दुसरी, तोडणीची तारीख. अंड्यांच्या खोक्यावर आणि दुधाच्या पिशवीवर तारीख लागते, तर फळावर लागायला हरकत नाही. फळांच्या विभागात एक जाणता माणूस नेमा. मंडईत आयुष्य काढलेली माणसं शहरात आहेत, त्यांना चांगला पगार द्या आणि तुमच्या मुलांना त्यांच्या हाताखाली शिकू द्या. आणि न पिकलेलं फळ विनातक्रार परत घ्या.

वाचकांनाही सांगणं आहे. तोडणी कधीची, हे प्रत्येक दुकानात विचारा. उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा, आणि फळ दगड निघालं तर पावतीसकट परत न्या. एकट्यादुकट्याने नेलं तर पॉलिसी दाखवतील, शंभर जणांनी नेलं तर पॉलिसी बदलेल.