तारीख कोण मोडतो, भाडें कोण भरतो?

राज्यसेवेची पूर्व परीक्षा ५ एप्रिल २०२० रोजीं व्हावयाची होती. ती झाली २१ मार्च २०२१ रोजीं. साथ होती, हें आम्हांस मान्य. पण १४ मार्चची तारीख तीन दिवसांवर आली असतां मोडावी, पुण्यांत पोरें रस्त्यावर उतरतांच दहा दिवसांत परीक्षा घेतां यावी, हा दोष साथीचा कीं सरकारचा? ज्याच्या बापाचें पुण्यांत घर आहे त्याची वर्षभर उजळणी होते. कुणब्याच्या, सुताराच्या, कुंभाराच्या पोरास खोलीचें भाडें, खाणावळ, अभ्यासिकेची फी कांहीं चुकत नाही. इकडे गोठ्यांतील म्हैस बाजारीं जाते, तेव्हां तिकडे महिना निघतो!

शाहू छत्रपतींनीं २६ जुलै १९०२ रोजीं करवीर दरबारांत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकीं निम्म्या मागासलेल्या वर्गांस राखून ठेविल्या. त्या उघड्या दारांत आमचीं पोरें तारखेची वाट पाहत म्हातारीं व्हावींत काय?

त्यांत २०२५ पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक, नऊ पेपरांची. आतां क्लासावांचून गति नाहीं, अशी हाकाटी क्लासवाले करणारच. त्यांचें तें दुकान आहे. लिहिणें लिहूनच येतें. गांवच्या मास्तरांकडून रोज दोन उत्तरें तपासून घ्यावींत.

आयोगानें तारीख मोडली तर गेलेल्या काळाइतकी वयाची सवलत आपोआप मिळावी, असा ठराव प्रत्येक गांवानें ग्रामसभेंत करून सरकारकडे धाडावा. आणि पोरानें किती वर्षें बसावयाचें, हें घरच्यांनीं शेत गहाण टाकण्यापूर्वीं त्याच्याशीं बोलून ठरवावें, मागाहून नव्हे.