शॉकअपच्या पोटातलं तेल

एक साधा प्रश्न. तुमच्या गाडीचं इंजिन ऑइल शेवटचं कधी बदललं? याचं उत्तर बहुतेकांना किलोमीटरसकट देता येतं. आता दुसरा प्रश्न. पुढच्या शॉकअपमधलं ऑइल कधी बदललं? इथे मात्र सगळे गप्प! "त्यात पण ऑइल असतं का रे?" असं विचारणारे महाभाग मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षातही सापडतात. आणि हीच मंडळी जर्नलमध्ये स्प्रिंग, मास आणि डॅश पॉटची आकृती अगदी स्केल लावून काढतात.

माझं म्हणणं असं, की तो डॅश पॉट हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये रोज उभा असतो. त्याचं तेल आपण आपल्या हाताने, आपल्याच वर्कशॉपमध्ये बदलायला हवं.

आधी हे तेल करतं काय ते बघू. खड्ड्यात चाक आदळलं की धक्का झेलते स्प्रिंग. पण स्प्रिंगला एक खोड असते, झेललेला धक्का ती परत करते. एकटी स्प्रिंग असती तर गाडी पुढचे पन्नास मीटर झुलत गेली असती. शॉकअपच्या नळीतलं तेल बारीक छिद्रांतून ढकललं जातं, त्यात ती ऊर्जा उष्णता बनून जिरते आणि चाक रस्त्याला चिकटून राहतं. तेलाचं आणखी एक काम आहे. त्याच्या वर नळीत थोडी हवा कोंडलेली असते आणि तीही स्प्रिंगसारखी दबते. तेल जास्त भरलं की हवेला जागा कमी उरते आणि शॉकअप शेवटी शेवटी कडक होतो. कमी भरलं की ब्रेक मारल्यावर गाडी नाक खाली घालते. म्हणजे तेल किती आणि कसलं, दोन्हीला महत्त्व आहे.

हे ज्यांना नीट कळलंय ते म्हणजे ट्रायल्सवाले. ट्रायल्स ही मोटारसायकलची स्पर्धा असली तरी वेगाची नाही. दगड, ओढे, चिखल यातून पाय न टेकता गाडी काढायची. एकदा पाय टेकला की एक दंडगुण, दोनदा टेकला की दोन, त्याहून जास्त वेळा टेकला तर तीन आणि पडलात तर पाच! तिथे स्वार आधी पुढचा शॉकअप दाबतो आणि तो उसळताना चाक दगडावर चढवतो. ती उसळी किती आणि किती झपाट्याने यायची, हे तेल ठरवतं. म्हणून तिथे फोर्कचं तेल बदलणं हे नेहमीच्या देखभालीतलं काम आहे.

आणि हे काही फार परकं नाही. आपल्या बुलेटची घडण याच स्पर्धांमध्ये झाली. मागे स्विंगिंग आर्म असलेल्या बुलेटचे प्रोटोटाइप १९४८ साली इंग्लंडच्या कोलमोर कप ट्रायलमध्ये उतरले होते. जॉनी ब्रिटनने १९५२ आणि १९५७ साली स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल जिंकली, ती रॉयल एन्फील्डवरच. त्या आठवणीवर २०१९ मध्ये भारतात बुलेट ट्रायल्स नावाचं मॉडेलही आलं होतं.

आपल्याला काही दगडावर चढायचं नाही, हे खरं. पण पावसाळ्यात कॉलेज ते स्टेशन रस्ता वेगळा काय असतो? डबलसीट, पाठीवर सॅक, पाण्याने भरलेला खड्डा आणि त्यातच ब्रेक. तेल मेलेलं असेल तर चाक उडत राहतं, आणि हवेतल्या चाकाला ब्रेक लावून उपयोग शून्य. ऑइल सील गेलेलं असेल तर तेच तेल ओघळून डिस्कपर्यंत येऊ शकतं. इथे पाच दंडगुणांवर भागत नाही.

"इलेक्ट्रिक गाडी घेतली की कटकट संपली" म्हणणाऱ्यांनीही ऐकावं. इंजिन ऑइल गेलं, पण टेलिस्कोपिक फोर्कमधलं तेल आहे तिथेच आहे!

काम अवघड नाही, क्रम मात्र पाळायचा. गाडी डबल स्टँडला लावून इंजिनखाली आधार द्यावा, म्हणजे पुढचं चाक उचललं जातं. शॉकअपचा पाय क्लँपमध्ये घट्ट असतानाच वरचं झाकण सैल करावं. आत स्प्रिंग दाबलेली असते, तेव्हा झाकणावर तोंड नेऊ नये. पाय काढून उलटा करून पंप मारला की तेल बाहेर येतं. ते दुधाच्या चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय, चमचमलं तर धातूचा कीस. नवीन तेल मॅन्युअलमधल्या मापानेच भरावं. लहान गाड्यांत ते दर पायाला साधारण दीड-दोनशे मिलिलीटर भरतं, आणि दोन्ही पायांत सारखंच हवं. डब्यावरच्या १० डब्ल्यूवर फार विसंबू नये, दोन कंपन्यांची १० डब्ल्यू सारखीच असतील असं नाही. ४० अंश सेल्सिअसला किती सेंटिस्टोक, तो आकडा बघावा. मग हवा निघेपर्यंत हळूहळू पंप करून पातळी मोजावी. जुनं तेल गटारात न ओतता डब्यात जमा करावं.

"मेकॅनिक आहे की!" हा आक्षेप येणारच. मेकॅनिकबद्दल मला आदर आहे. पण आपण त्याला पहिला प्रश्न विचारतो "किती लागतील?" आणि दुसरा "अर्ध्या तासात होईल ना?" मग मोजपात्र घेऊन पातळी मोजायला त्याने वेळ काढायचा कुठून? दुसरा आक्षेप सरांचा असेल, मुलं हात कापून घेतील. अहो सर, लेथवर उभं करता तेव्हा मुलं हीच असतात!

म्हणून विनंती एवढीच, की महिन्यातला एक शनिवार वर्कशॉप यासाठी उघडं ठेवावं आणि एक इन्स्ट्रक्टर समोर असावेत. शॉकअपच्या चकचकीत नळीवर एक केबल टाय बांधायचा. ब्रेक मारल्यावर तो किती सरकला हे तेल बदलण्याआधी आणि नंतर मोजायचं, झाला प्रयोग! ही रीडिंग्ज मागच्या वर्षीच्या जर्नलवरून उतरवता येणार नाहीत, कारण प्रत्येकाची गाडी वेगळी आणि खड्डेही वेगळे.