दुसऱ्यानें रचलेली रणभूमि

घरांतील मुलें संगणकावर युद्धाचे खेळ खेळूं लागलीं, कीं वडील मंडळींच्या कपाळाला आठ्या पडतात. वेळेचा प्रश्न रास्तच आहे. परंतु सगळे खेळ एकाच मापानें मोजणें आम्हांस उचित वाटत नाहीं.

‘हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३’ हा १९९९ सालीं अमेरिकेंत निघालेला खेळ आजहि आवडीनें खेळला जातो. त्याचें कूळ बुद्धिबळाचें. एकाची खेळी पुरी झाल्यावर दुसऱ्याची. घाईचें काम नाहीं. एक खेळी म्हणजे एक दिवस, आणि एका दिवसांत सरदारानें ठराविकच मजल मारावयाची. मुलुख अंधारानें झांकलेला असतो. पाऊल पुढें टाकावें तसतसा तो उघडतो. सुवर्ण, लाकूड, खनिज, पारा, गंधक, स्फटिक आणि रत्नें या सात द्रव्यांवर राज्य चालतें. अखेरचें नगर गेलें आणि सात दिवसांत दुसरें हातीं आलें नाहीं, तर डाव संपला!

परंतु आमचें लक्ष वेधलें तें निराळ्याच गोष्टीनें. खेळाबरोबर नकाशा रचण्याचें साधनहि मिळतें. सर्वांत मोठा नकाशा १४४ गुणिलें १४४ घरांचा, आणि त्याखालीं तेवढेंच भूगर्भांतील राज्य जोडतां येतें. जगभरचे हौशी लोक एक पैचीहि अपेक्षा न धरतां असे नकाशे रचतात, आणि इतर ते खेळतात.

हें काम प्रश्नपत्रिका काढण्यासारखें आहे. या खेळांत रंगीत नाकीं असतात. त्याच रंगाच्या तंबूला भेट दिल्यावांचून नाकें उघडत नाहीं. आतां तंबू नाक्याच्या पलीकडेच ठेवला आणि दुसरी वाट राखली नाहीं, तर खेळणारा कितीहि चतुर असो, तो अलीकडेच राहणार. अवघड प्रश्न आणि अन्यायाचा प्रश्न यांतील भेद तो हाच. चांगला रचणारा वाटेवर फलक लावून सूचना देतो. कठीण घाट ठेवतो, पण घाटाला वाट ठेवतो.

तथापि रचणाराला आपला दोष सहसा दिसत नाहीं. सारा मुलुख त्याला पाठ असतो. अंधार असतो तो खेळणाराच्या डोळ्यांपुढें. म्हणून घरांतील एकानें नकाशा रचावा, दुसऱ्यानें खेळावा, आणि रचणारानें शेजारीं मुकाट्यानें बसून पाहावें. दुसरा कोठें अडतो हें पाहण्यानें जें शिक्षण होतें, तें उपदेशानें होत नाहीं.

तें शिक्षण मुलांपुरतेंच कां असावें? कुटुंबांतील वडील मंडळी तरी काय करतात? घराचे रीतिरिवाज आपणांस पाठ, म्हणून ते सर्वांस ठाऊकच आहेत असें आपण धरून चालतों. नवी सून घरांत येते. देव्हाऱ्याचे नियम, कोणाचें पथ्य, कोणापुढें कोणता विषय काढूं नये, हें तिला कोणी सांगत नाहीं, आणि ती चुकली म्हणजे मात्र बोल लावतात. तंबू नाक्यापलीकडे ठेवण्याचाच हा प्रकार!

मुलांचे खेळ बंद करण्यापूर्वीं वडिलांनीं एकदां शेजारीं बसून ते पाहावे, आणि मग आपल्या घराच्या नकाशावर कोठें फलक लावावयाचे राहिले आहेत, याचाहि शोध घ्यावा.